डाव्या हातासाठी आरसा आणि व्हीआर चष्मा: मेंदूत नेमकं काय घडतं? (बाबांसाठी विचारतोय)

वडगावचा_माग (धागाकर्ता), ३ नोव्हेंबर, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावचे, वडगावात राहतो. श्रावणात बाबांच्या अंगावरून वारं गेलं. वय ६१. मेंदूच्या उजव्या भागात गुठळी, म्हणून डावी बाजू गेली. सकाळी माग सुरू करायला गेले, हातातली धाग्याची कांडी पडली, उचलायला वाकले ते तिथंच बसले. आम्हाला वाटलं चक्कर आली. झोपवलं, पंखा लावला, अर्धा दिवस तसाच घालवला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं हे मला नंतर कळलं. चूक माझी, म्हणून सगळ्यात आधी तेच लिहितो: तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर घड्याळात बघा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात तडक जा. अंगारा, मालिश, शेजारचा डॉक्टर, काही नको.

पाय बराच सुधारला. अंगणात काठीशिवाय फिरतात. हाताचं मात्र अवघड आहे. खांदा थोडा उचलतो, कोपर वाकतं, मनगट आणि बोटं जवळजवळ नाहीतच. चाळीस वर्षं याच बोटांनी त्यांनी तुटलेले धागे सांधले, खाली न बघता, दुसऱ्याशी बोलता बोलता. आता घरी कुणी आलं की तो हात टॉवेलखाली झाकून घेतात.

दहा दिवसांपूर्वी फिजिओ मॅडमनी आरशाचा व्यायाम सुरू केला. जुन्या कपाटाचा आरसा सुताराकडून लाकडी पाटावर उभा बसवून घेतला. डावा हात आरशाच्या मागे, उजवा पुढे. उजवा हलवायचा आणि आरशात बघत राहायचं. मॅडम कन्नडमध्ये मोजतात, ओंदु, एरडु, मूरु. पहिल्या दिवशी बाबा काही वेळ नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "हा माझाच हात हाय काय रे?" त्यांचे डोळे भरले. माझेही.

आता विचारायचं ते विचारतो. काका म्हणतात, "डोळ्याला फसवून हात कसा हलेल? मेलेली नस जिवंत होते काय?" मला उत्तर देता आलं नाही. दुसरं असं, की एका मोठ्या शहरातल्या केंद्रानं व्हीआर चष्म्याचं (डोळ्यांवर बांधला की आत संगणकाचं खोटं जग दिसतं, तो) तीन महिन्यांचं पॅकेज सांगितलंय. पत्रकावर छापलंय, "मेंदू नव्याने घडवा". एवढे पैसे भरायचे तर एक माग विकावा लागेल. जावं काय?

निपाणीची_आक्का, ३ नोव्हेंबर, रात्री ११.०२

दादा, आधी स्वतःला दोष देणं थांबवा. आमच्याकडंबी तसंच झालं होतं.

आमच्या सासूबाईंचा उजवा हात गेला होता. जन्मभर विड्या वळल्या त्यांनी. आरशाचा व्यायाम दिला तेव्हा एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती, ती सांगते. त्यांच्या चांगल्या हातात बांगड्या होत्या आणि दुखऱ्या हातातल्या दवाखान्यात काढलेल्या. आरशातला हात बघून त्या म्हणायच्या, "ही कोण बाई? माझ्या हातात काकणं कुठं आहेत?" दोन्ही हात मोकळे केले आणि त्या दिवसापासून त्यांचं मन लागलं. आपल्यात म्हणतात ना, हातच्या काकणाला आरसा कशाला. आमच्याकडं काकणं उतरवल्यावरच आरसा कामाला आला. बाबांच्या हातात घड्याळ, अंगठी, गंडा काय असेल ते काढून ठेवा.

संकेश्वरकर, ४ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

कन्नडमध्येही तीच म्हण आहे, अंगै हुण्णिगे कन्नडि बेके. तळहातावरच्या फोडाला आरसा हवा कशाला? आरशाला कन्नडि म्हणतात, म्हणून लक्षात राहिली. व्हीआरबद्दल माझा अनुभव चांगला आहे, संध्याकाळी लिहितो.

मेंदूची_विद्यार्थिनी, ४ नोव्हेंबर, दुपारी २.४५

मी मूळची टिळकवाडीची, सध्या बाहेर असते. मेंदूतल्या विद्युत लहरी मोजायचं काम शिकतेय. काकांनी अगदी नेमकं विचारलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. "नस जिवंत करतो" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. पण हाताचा कारभार मेंदूत एकाच खोलीतून चालत नाही. हालचालीचा हुकूम देणारा मुख्य पट्टा असतो, त्याच्या पुढे हालचालीची आखणी करणारे भाग असतात, मागे हात कुठे आहे याचा हिशेब ठेवणारे भाग असतात. गुठळीनं यातला काही भाग जातो. काठावरच्या पेशी बऱ्याचदा जिवंत असतात, पण गप्प बसलेल्या. उजव्या मेंदूतून निघालेले तंतू मेंदूच्या देठापाशी बाजू बदलून डाव्या हाताकडे जातात. त्यातले थोडे जरी शाबूत असले तरी वाट पूर्ण बंद झालेली नसते. बाबांचं कोपर वाकतं, म्हणजे वाट आहे.

दुसरी अडचण सवयीची. हात हलत नाही म्हणून माणूस तो वापरायचं सोडतो, आणि वापर सुटला की मेंदूतली त्याची जागा आणखी आकसते. १९९६ साली अमेरिकेत माकडांवर प्रयोग झाला. मेंदूत हाताच्या जागी छोटी इजा केल्यावर ज्या माकडांना हाताने खाणं उचलायचा रोज सराव दिला, त्यांची उरलेली हाताची जागा टिकली, काहींत तर शेजारी पसरली. सराव न दिलेल्यांत इजा न झालेला भागही हाताने गमावला होता. मला या विषयाकडे ओढलं ते याच निष्कर्षानं.

आता आरसा. लहरी मोजताना डोक्यावर टोपी घालतात. तिच्यात कान आणि डोक्याचा माथा यांच्या साधारण मध्यावर, दोन्ही बाजूंना, हाताच्या भागावर सी३ आणि सी४ नावाची दोन ठिकाणं असतात. हात निवांत असताना तिथे सेकंदाला ८ ते १३ वेळा उठणारी एक संथ लय दिसते, तिला म्यू लय म्हणतात. देवळात भजन चालू असताना सगळे एकाच ठेक्यात टाळ वाजवतात, भजन संपलं की जो तो आपल्या कामाला लागतो आणि ठेका मोडतो. तसंच इथे. हात हलवला, हलवायचं मनात आणलं, किंवा नुसता दुसऱ्याचा हलणारा हात बघितला, तरी ती लय मोडते. लय मोडली म्हणजे तो भाग कामाला लागला.

बाबा उजवा हात हलवतात तेव्हा डावा मेंदू कामाला लागणार हे उघड आहे. पण डोळ्याला दिसतो डावा हात. अनेक प्रयोगांत अशा वेळी उजव्या बाजूची, म्हणजे इजा झालेल्या बाजूची लयही जास्त मोडलेली दिसते. हात हलला नाही, तरी त्याच्या खोलीत दिवा लागला.

सगळ्या प्रयोगांत मात्र हे सारखं दिसत नाही. नेदरलँड्समधल्या एका गटानं २०११ साली एफएमआरआयमध्ये (मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते दाखवणारं स्कॅन) रुग्णांना दोन्ही हात हलवायला लावून आरशातलं दृश्य दाखवलं. मेंदूतलं जास्तीचं काम दिसलं ते हुकूम देणाऱ्या पट्ट्यात नव्हे, तर डोक्याच्या मागच्या बाजूला, आतल्या भिंतीवर. स्वतःच्या शरीराची जाणीव आणि लक्ष यांच्याशी त्या भागांचा संबंध आहे. म्हणजे "हा माझाच हात हाय काय रे" हा बाबांचा प्रश्न मेंदूच्या ज्या भागात उमटला असेल, बहुधा तिथेच. मला तुमची ती ओळ वाचून हेच आठवलं.

त्याच गटानं ४० रुग्णांवर सहा आठवड्यांचा प्रयोग केला. सगळ्यांच्या झटक्याला वर्ष उलटून गेलेलं. निम्म्यांना आरसा, निम्म्यांना तोच व्यायाम आरशाशिवाय. आरसेवाल्यांचा हात थोडा अधिक सुधारला आणि मेंदूतला कामाचा तोल इजा झालेल्या बाजूकडे सरकला. सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा हाताचा तो जास्तीचा फायदा टिकलेला नव्हता. म्हणून सहा आठवडे करून आरसा माळ्यावर टाकू नका.

आणखी एक. "आरसा उपचार म्हणजे मिरर न्यूरॉनची जादू" असं मोबाईलवर फिरतं. ते न्यूरॉन, म्हणजे स्वतः काम करताना आणि दुसऱ्याला तेच काम करताना बघूनही जाग्या होणाऱ्या मेंदूतल्या पेशी, १९९२ साली इटलीतल्या पार्मा इथे माकडांत सापडले. नावात आरसा आहे म्हणून दोन्ही एकच ठरत नाहीत, आणि तसं सिद्धही झालेलं नाही.

वडगावचा_माग, ४ नोव्हेंबर, रात्री ९.२०

ताई, तुमचं लिहिलेलं काकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. भजनाचा ठेका त्यांना लगेच पटला, ते स्वतः टाळकरी आहेत. "दिवा लागला म्हणजे माणूस घरात हाय," एवढंच म्हणाले आणि उठून बाबांसमोर आरसा लावायला गेले.

सदलगा_गुऱ्हाळ, ४ नोव्हेंबर, रात्री ११.४०

मी कधी लिहित नाही इथं, वाचतो फक्त. माझा उजवा हात सहा वर्षांपूर्वी उसाच्या चरकात गेला. कोपराच्या खाली काही नाही. पण तो हात मला आहे. रात्री मूठ आवळलेली असते आणि नखं तळव्यात रुततात. उघडायला जातो तर उघडत नाही. घरच्यांना सांगितलं तर त्यांना वाटतं माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. आरशाचा मला उपयोग होईल काय?

मेंदूची_विद्यार्थिनी, ५ नोव्हेंबर, सकाळी ६.५५

दादा, तुमच्या डोक्यावर काहीही परिणाम झालेला नाही. हात जातो, पण मेंदूतला त्याचा नकाशा राहतो. कापलेल्या हातापायाच्या जागी दुखणं हे फार लोकांना होतं, आणि "मूठ आवळलीय, नखं रुततायत" हे वर्णनही डॉक्टरांनी पुष्कळांकडून ऐकलेलं आहे.

आणि ऐका, हा आरसा मुळात तुमच्यासाठीच निघाला. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन, मूळचे तमिळनाडूचे, कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला मेंदूशास्त्रज्ञ. त्यांनी १९९० नंतरच्या काळात साध्या खोक्यात मधोमध आरसा उभा केला. त्यांचा विचार असा होता: मेंदू "मूठ उघड" म्हणून हुकूम सोडतो, पण हात नसल्यानं "उघडली" असा निरोप परत येत नाही. मग तो निरोप डोळ्यांकडून द्यायचा. चांगला हात आरशासमोर मुठीत धरायचा, हळू उघडायचा, आणि नसलेला हातही सोबत उघडतोय असं मनात करायचं. काहींची मूठ तिथल्या तिथे सुटली. अर्धांगवायूच्या रुग्णांसाठी हीच युक्ती १९९९ साली नऊ जणांवर करून बघितली गेली आणि मग ती जगभर पसरली.

२००७ साली पाय गमावलेल्या २२ जणांवर नीट तुलना करून बघितली. एका गटाला आरसा, दुसऱ्याला झाकलेला आरसा, तिसऱ्याला नुसतं डोळे मिटून कल्पना करायला सांगितलं. रोज पंधरा मिनिटं, चार आठवडे. आरसा मिळालेल्या गटात सगळ्यांचं दुखणं कमी झालं. छोटा प्रयोग आहे आणि प्रत्येकाला गुण येतोच असं नाही. कुणाला सुरुवातीला गरगरतं, कुणाला रडू येतं, म्हणून पहिले एक-दोन दिवस फिजिओसमोर करा. पण करून बघा.

सदलगा_गुऱ्हाळ, ५ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

बायकोला वाचायला दिलं.

संकेश्वरकर, ५ नोव्हेंबर, रात्री ८.१५

व्हीआरबद्दल लिहितो म्हटलं होतं. माझ्या धाकट्या भावाला वयाच्या ४४ व्या वर्षी झटका आला. आरसा त्यानं चार दिवस केला आणि पाचव्या दिवशी उलटा करून ठेवला. कंटाळा. नंतर एका ठिकाणी चष्मा मिळाला. आत एक झाड दिसायचं, त्याची फळं काढून टोपलीत टाकायची. कधी हात वर न करणारा माणूस तिथं पाऊण तास हात उचलत होता. तिथून बाहेर येताना घामानं भिजलेला असायचा. इथं सगळे आरशाचंच कौतुक करतायत, पण ज्याचं मन आरशात लागत नाही त्याला काय उपयोग? माझ्या भावाला चष्म्यानं उठवलं, हे मी शपथेवर सांगेन.

खानापूरची_फिजिओ, ६ नोव्हेंबर, दुपारी १.३०

संकेश्वरकर, तुमचा भाऊ पाऊण तास हात उचलत होता, हे मी दोनदा वाचलं. गुण त्यातच आहे.

अमेरिका-कॅनडात फिजिओ आणि तत्सम उपचारांच्या ३१२ सत्रांची नोंद घेऊन २००९ साली एक अभ्यास छापला. हातानं प्रत्यक्ष काम करायचा सराव, म्हणजे वस्तू उचलणं, धरणं, एका सत्रात सरासरी किती वेळा झाला? ३२ वेळा. आणि प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसतो तिथे ही संख्या काहीशेच्या घरात असते. आमच्या धंद्याची ही दुखरी जागा आहे. ओपीडीत बाहेर पंधरा माणसं बसलेली असतात, मी एका हाताला किती वेळ देणार? चष्मा, खेळ, आरसा, काहीही असो, त्यानं ही संख्या वाढत असेल तर ते कामाचं.

वडगावचे दादा, पैशाचा प्रश्न आहे म्हणून स्पष्ट लिहिते. २०१७ पर्यंतचे ७२ प्रयोग, २,४७० रुग्ण एकत्र करून व्हीआर आणि खेळांचा आढावा घेतला गेला. तेवढाच वेळ साधा व्यायाम केला तर हातासाठी व्हीआर त्याहून सरस ठरलं नाही. नेहमीच्या व्यायामावर जादा वेळ म्हणून दिलं तर फायदा दिसला. २०१६ साली तर १४१ रुग्णांत हालचालीवर चालणारा व्हिडिओ गेम आणि पत्ते-चेंडूसारखे साधे खेळ यांची तुलना झाली. दोन्ही गट सुधारले, फरक काही निघाला नाही. आरशाचा असाच आढावा २०१८ चा आहे, ६२ प्रयोग, १,९८२ रुग्ण. नेहमीच्या व्यायामाला जोड म्हणून आरसा हाताची हालचाल आणि रोजची कामं यांत मदत करतो, असं त्यात मध्यम खात्रीनं म्हटलंय.

माग विकू नका. हे मी तुमची बहीण म्हणून सांगते.

घरी काय करायचं ते लिहिते. आरसा छातीच्या बरोबर मधोमध, काच उजव्या हाताकडे. डावा हात मागे टेबलावर सैल, खाली घडी केलेला टॉवेल. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, एकदम जमत नसेल तर दोनदा पंधरा मिनिटं. हालचाल सावकाश. टीव्ही बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आरशामागचा हातही सोबत हलवायचा प्रयत्न हवा, तो हलो न हलो. नुसतं बघत बसणं म्हणजे अर्धं काम. आरसा झाला की लगेच खरी वस्तू हातात द्या, तांब्या, कणकेचा गोळा, चपटी काडेपेटी. उजव्या मेंदूच्या झटक्यात डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही असं काही जणांना होतं, ताटातलं डावीकडचं जेवण तसंच राहतं. बाबांचं तसं होतं का बघा आणि मॅडमना सांगा.

एक हात जोडून विनंती. उठवताना डाव्या हाताला धरून ओढू नका. खांदा निखळल्यासारखा खाली येतो, मग दुखणं सुरू होतं, आणि दुखणारा हात माणूस कुठल्याच व्यायामाला पुढे करत नाही. माझ्याकडे येणाऱ्या पाचातल्या दोघांना घरच्यांनी मायेपोटीच ओढलेलं असतं.

मेंदूची_विद्यार्थिनी, ६ नोव्हेंबर, रात्री १०.०५

फिजिओ ताईंच्या आकड्यांना माझा दुजोरा. संकेश्वरकरांसाठी चष्म्यात मेंदूचं काय होतं तेही सांगते, कारण त्यांच्या भावाला जे वाटलं त्याला आधार आहे.

१९९८ साली एक प्रयोग झाला. माणसाचा खरा हात पडद्यामागे लपवायचा, समोर रबरी हात ठेवायचा, आणि दोन्हींवर एकाच वेळी ब्रश फिरवायचा. थोड्या वेळात माणसाला रबरी हात आपलाच वाटायला लागतो. दिसणं आणि जाणवणं एकाच क्षणी जुळलं की मेंदू तो हात आपला मानतो. ब्रशची वेळ पुढेमागे केली की ते वाटणं ओसरतं. चष्म्यातला हातही असाच. बाबांनी हात हलवल्यावर चित्रातला हात रेंगाळत हलला, तर "हे मी केलं" ही भावना विरते. म्हणून कुठलंही यंत्र बघायला गेलात तर आधी हेच तपासा.

आरशाला जे जमत नाही ते चष्म्याला जमतं. दुबळ्या हाताची बोटभर हालचाल तो वीतभर करून दाखवू शकतो. आरशात दिसतो तो चांगल्या हाताचा पराक्रम. चष्म्यात दिसतो तो दुबळ्या हाताचा स्वतःचा, वाढवून दाखवलेला. पण त्यासाठी मुळात थोडी हालचाल लागते. बाबांची बोटं आज हलत नाहीत, म्हणून आज त्यांच्यासाठी आरसा बरोबर आहे. खांदा-कोपर हलतंय, त्यासाठी खेळ चालेल.

निपाणीची_आक्का, ७ नोव्हेंबर, सकाळी ९.४०

खेळ म्हणाल तर सासूबाईंना आम्ही विडीच्या पानाच्या मापाचे कागद कापून दिले होते. वळायचे, सोडायचे, परत वळायचे. चष्मा नव्हता, पण दिवसाला शंभर कागद व्हायचे. जे काम हाताला जन्मभर ठाऊक आहे तेच द्या बघा. बाबांना कांडी द्या.

वडगावचा_माग, १४ डिसेंबर, रात्री ९.५०

मंडळी, सहा आठवडे झाले. पॅकेज घेतलं नाही. माग आहे तिथंच आहे.

रोज सकाळी आरसा, अर्धा तास. काका ओंदु-एरडु मोजतात, मॅडमपेक्षा खणखणीत. त्यानंतर रिकाम्या कांड्यांची टोपली. आधी एक सुद्धा धरता येत नव्हती. आता अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मध्ये ठेवली तर धरतात. सोडता येत नाही, बोटं उघडायला उजव्या हाताची मदत लागते. मनगट टेबलावरून दोन बोटं वर येतं. मी विचारलं, हे आरशानं झालं, कांड्यांनी झालं, की दिवस गेले म्हणून? मॅडम म्हणाल्या, यातलं एक वेगळं काढून सांगता येणार नाही, तिन्ही चालू ठेवा. ताटातलं डावीकडचं जेवण उरत होतं, ते मॅडमना सांगितलं. आता ताटाच्या डाव्या कडेला आई लाल दोरा बांधते आणि बाबा तो शोधून मग जेवायला सुरुवात करतात.

हात अजून टॉवेलखालीच असतो पाहुणे आले की. पण परवा शेजारचा पोरगा आला, तेव्हा बाबांनी आपणहून कांडी धरून दाखवली.

सदलगेवाले दादा, तुमचं काय झालं? नंतर काही लिहिलं नाहीत.

सदलगा_गुऱ्हाळ, १४ डिसेंबर, रात्री १०.३०

चिकोडीत फिजिओला दाखवलं. त्यांच्याकडच्या आरशात तिसऱ्या दिवशी मूठ उघडली. दोन मिनिटंच. परत आवळली. पण उघडली. त्या रात्री झोपलो. घरचा आरसा भिंतीतला आहे, निघत नाही. गुऱ्हाळाचा हंगाम आहे, रोज चिकोडीला जाणं होत नाही.

वडगावचा_माग, १४ डिसेंबर, रात्री १०.४१

कपाटाला दोन दारं होती. दुसऱ्या दाराचा आरसा पडून आहे. सुताराला उद्याच पाटावर बसवायला सांगतो, कडा घासून घेतो. गोणपाटात बांधून सोमवारी सकाळच्या बसनं आणतो. चिकोडी स्टँडवर अकराला या.